सोडत आठवड्याला की तासाला?

केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी कायद्याने एका लॉटरीला आठवड्यातून एकच सोडत ठरवून दिली. २०१० च्या नियमांनी मात्र एका राज्याच्या सर्व योजना मिळून दिवसाला २४ सोडतींची मुभा दिली. म्हणजे तासाला एक! परराज्याची लॉटरी अडवायची तर आधी आपली बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच बजावले आहे. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली, आणि गोंदिया तर आम्हा बालाघाटकरांच्या रोजच्या जाण्यायेण्यातले. २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदी आणली, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण मोबाइलवर तो जुगार आणि सरकारी तिकिटावर तो महसूल, हे मजुरी हरलेल्याच्या घरी कोणी समजावून सांगायचे? २४ सोडतींची ही मुभा रद्द करा, अशी मागणी समाजबांधवांनी खासदारांकडे लेखी करावी.