ग्रामसभा गेली, ग्रुप उरला

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड आता गाव राहिले नाही, निदान कागदावर तरी. ग्रामपंचायत जाऊन तिथे नगरपरिषद आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगराध्यक्ष व नगरसेवक निवडण्यासाठी पहिल्यांदाच मतदान झाले. गावाला शहराचा दर्जा मिळाला की निधी, रस्ते, नळयोजना यांची चर्चा होते. गेले काय, याची होत नाही. ग्रामपंचायतीच्या काळात अठरा वर्षे पुरी झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, कुणाचा माणूस असावे लागत नाही. तिथे हिशेब विचारता येतो, लाभार्थ्यांच्या यादीवर हरकत घेता येते आणि ती इतिवृत्तात लिहायला लावता येते. नगरपरिषद झाली आणि हा हक्क संपला. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. राज्याने २००९ मध्ये नागरी कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. मग हिवरखेडच्या विशीतल्या पोराच्या हाती उरते काय? पाच वर्षांतून एकदा मत आणि रोजचा व्हॉट्सॲप ग्रुप.

समाजमाध्यमांनी तरुण राजकारणात आला की वाया गेला, हा वाद म्हणूनच मला अर्धवट वाटतो. दोन्ही बाजू आवाज मोजतात. मोजायचे तर हे मोजावे, की तरुणाचे म्हणणे निर्णय होतो तिथपर्यंत पोचते का. अकोट-खंडवा रेल्वेमार्ग मेळघाटच्या जंगलातूनच न्यायचा की हिवरखेड, सोनाळा, जामोद असा वळवायचा, हा प्रश्न या भागाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा आहे. खारपाणपट्ट्यात वान धरणाचे गोडे पाणी कुणाला किती, हा तर रोजच्या हंड्याचा. यांवर स्टेटस ठेवता येते, रील करता येते, आमदाराला टॅग करता येते. एवढे करूनही ते म्हणणे कुठल्याच नोंदवहीत उतरत नाही आणि त्याला उत्तर देण्याचे बंधन कुणावरच नाही. पक्षांना हे सोयीचे आहे. त्यांना तरुणाचा अंगठा हवा असतो, पोस्ट पुढे ढकलण्यापुरता. ‘भावी नगरसेवक’ असे बॅनर वाढदिवसाला लागतात तेवढीच काय ती बढती.

यावर पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: याच मोबाइलने आग लावली. ते खोटे नाही. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली आणि एक जीव गेला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराधांना ठेचून मारले. पण यातून निघालेला उपाय पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली तेव्हा संचारबंदी लावून इंटरनेट बंद केले गेले. त्या घडीला ते आवश्यक असेलही. मात्र नेट बंद करून अफवा थांबते ती चार दिवस. पाचव्या दिवशी तोच तरुण त्याच ग्रुपवर परत येतो, कारण त्याला बोलायला दुसरी जागा नसते. ग्रुपवर अफवेचा मूळ पाठवणारा दिसत नाही. सभेत बोलणाऱ्याला नाव, चेहरा आणि आडनावासकट उभे राहावे लागते, समोर शेजारी बसलेला असतो. तिथेही माणसे खोटे बोलतात, पण खोडून काढणारा त्याच खोलीत असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर उतरले, कित्येकांचे बळी गेले आणि पंतप्रधान ओली यांना राजीनामा द्यावा लागला. हंगामी पंतप्रधान कोण, याचा कौल तरुणांनी डिस्कॉर्डवर घेतला. मग सभा कशाला हवी? मोबाइलच्या या ताकदीला मी कमी लेखत नाही. आपल्याकडेही २०१६ च्या मराठा क्रांती मोर्चांची गर्दी त्यावरच जुळली, आणि ती शिस्तीत चालली ती गावोगावच्या नियोजनाच्या बैठकांमुळे. नेपाळलाही शेवटी ५ मार्च २०२६ ही मतदानाची तारीख ठरवावी लागली. सरकार पाडायला लाट पुरते. प्रभागातल्या नालीचे बिल दोनदा कसे निघाले हे विचारायला मात्र दर तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर येऊन बसावे लागते, आणि ही सवय लाटेतून येत नाही.

ती यायची ती कॉलेजात. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची वाट पुन्हा मोकळी केली. २०१९ मध्ये त्या होणार होत्या, पुढे ढकलल्या गेल्या, मग कोरोना आला. कारण दिले जाते ते हिंसाचाराचे. हाच निकष सगळीकडे लावला तर आपल्याकडे सोसायटीची निवडणूकही घेता येणार नाही. अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतला विद्यार्थी खासदार निवडतो. वर्गाचा प्रतिनिधी निवडायला तो लहान ठरतो.

राहिला शेवटचा टोमणा: ग्रामसभा तरी कुठे भरत होती? खरे आहे. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी ती. आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. त्यामुळे पहिली सभा तहकूब करायची आणि दुसरी दहा जणांत उरकायची, ही युक्ती गावोगाव मुरलेली. पण मोबाइल खरा उपयोगी पडेल तो इथेच. प्रभागाची सभा, तिची विषयपत्रिका, मागचे ठराव आणि दिलेली बिले आठ दिवस आधी ग्रुपवर पडली, तर दहाचे शंभर व्हायला फार दिवस लागणार नाहीत. हिवरखेडच्या नव्या नगरपरिषदेला यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. फाइल एक लागते, खर्च काही नाही. अडचण एवढीच, की ती वाचून पंचवीस पोट्टे सभागृहाच्या दारात येऊन उभे राहतील.