गेटवरचे तीन पौंड

प्रति,
माननीय अध्यक्ष,
स्वतंत्र फुटबॉल नियामक, इंग्लंड



हे पत्र इंग्रजीत तुमच्या कार्यालयाला वेगळं पाठवलं आहे. मराठीत छापायला देते आहे त्याचं कारण असं, की मिल्टन कीन्स, स्विंडन अशा गावांत आपली बरीच माणसं राहतात. स्विंडनमध्ये तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे. त्यांची पोरं शनिवारी चेल्सी-आर्सेनलचं नाव न घेता गावातल्याच क्लबचा स्कार्फ गळ्यात घालून बाहेर पडतात, आणि तिकिटाचा हिशेब आईबापांना माझ्याइतकाच पाठ असतो. शिवाय मी कोल्हापूरची. पाटाकडील की प्रॅक्टिस या स्थानिक फुटबॉल संघांवरून जिथे घराघरांत वाद होतात, तिथे इंग्लंडमधल्या चौथ्या श्रेणीतल्या क्लबचं रडगाणंसुद्धा कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेईल.

क्लबचं नाव लिहीत नाही. तक्रार एकट्या त्याच्याबद्दल नाही, आणि माणसं वाईट नाहीत. प्रकार असा आहे. सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तिकीट घेतलं तर एक दर. शनिवार उजाडला की त्याच जागेला, त्याच पायरीला तीन पौंड जास्त. आदल्या दिवशी फोनवरून घ्यावं तर वर बुकिंग फी. म्हणजे आधी घ्या किंवा नंतर, छापलेल्या दरात आत जायची सोय जवळपास नाहीच. काही क्लब दोन पौंड जास्त घेतात, काही घेत नाहीत. पण ही पद्धत खालच्या श्रेण्यांमध्ये इतकी रुळली आहे, की आता तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मी विचारते, कारण मी पाळीवर काम करते. शनिवारी दुपारी माझी सुटका होणार की नाही हे हॉस्पिटलात शनिवारीच कळतं. माझ्या शेजारी उभे राहणाऱ्यांत एक लॉरी चालवतो, एक सुपरमार्केटच्या गोदामात आहे, एका बाईंची आई अंथरुणावर आहे. आमच्यापैकी कोणालाही शुक्रवारी रात्री छातीठोकपणे सांगता येत नाही, की उद्या तीनला मी मैदानावर असेन. सीझन तिकीट घेतलं तर दर सामन्याला स्वस्त पडतं, हे आम्हालाही कळतं. निम्मे सामने चुकणार हेही कळतं. ज्याचं आयुष्य वेळापत्रकात बसतं त्याला खेळ स्वस्त, ज्याचं बसत नाही त्याला महाग, असा हा दरपत्रकाचा अर्थ झाला. चौथ्या श्रेणीत मोठ्या माणसाचं तिकीट साधारण वीस ते तीस पौंडांच्या मध्ये कुठेतरी असतं. एप्रिल 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.21 पौंड झालं. दोन तासांचा खेळ बघायला दोन तासांची मजुरी आधीच लागते. त्यावर पुन्हा तीन पौंड, तेही ठरवायला उशीर झाला म्हणून.

आणि हा खेळ उभा राहिला तो कोणाच्या जिवावर? 1850 च्या कायद्याने कापड गिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला काम थांबवावं लागलं. तीनचा सामना त्या भोंग्यातूनच आला. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात बारा क्लब होते, सहा लँकशरचे आणि सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नाही. दोनच वर्षांत लीगने प्रवेशाचा किमान दर सहा पेन्स ठरवला. तो सगळ्यांना परवडत होता असं मुळीच नाही, पण गिरणीतून सुटलेला माणूस हात पुसत थेट गेटवर यायचा, नाणं टाकायचा आणि आत जायचा. आगाऊ तिकीट काढून येणारे थोडेच. आज ज्याला जादा आकार लावतात, तोच तेव्हा बहुतेक प्रेक्षकवर्ग होता.

आता मुद्द्याचं. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी 2.45 ते 5.15 या वेळात टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. भारतातल्या वाचकांना हे खरं वाटणार नाही. लिव्हरपूलचा तीनचा सामना पुण्यात घरबसल्या दिसतो, लिव्हरपूलमध्ये दिसत नाही. 1960 च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी लीगच्या इतर क्लबांना हे पटवलं. मोठ्या संघाचा सामना टीव्हीवर दिसला तर माणूस सोफ्यावर बसेल आणि गावातल्या लहान क्लबची पायरी रिकामी राहील, ही त्यामागची भीती. साठ वर्षं होत आली, नियम टिकून आहे. अख्ख्या देशाला अडीच तास पडद्यापासून दूर ठेवायचं, ते कशासाठी? तर शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर कोणाच्या तरी मनात यावं, ‘चला, आज मॅचला जाऊ.’

तो माणूस उठतो. बूट घालतो. पावसात मैदानापर्यंत चालत येतो. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच्याकडून गेटवर दंड घेतला जातो. आपल्याकडे आयत्या वेळी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी विचारतात.

क्लबचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते हसण्यावारी न्यायचं नाही. आधी विक्री झाली तर किती स्टुअर्ड लागतील, किती स्वयंपाक करायचा, कोणता स्टँड बंद ठेवायचा हे ठरवता येतं. पाऊस पडला तरी पैसे आलेले असतात. पैशाची ओढाताणही खोटी नाही. 1983 पर्यंत लीग सामन्याच्या गेटच्या रकमेतला वाटा पाहुण्या संघालाही मिळायचा. मोठ्या क्लबांच्या रेट्याने तो बंद झाला आणि ज्याचं मैदान मोठं त्याचा गल्ला मोठा, असं झालं. 2024-25 पासून स्काय वाहिनीने ईएफएलशी, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या श्रेणीच्या लीगशी, पाच वर्षांसाठी 935 दशलक्ष पौंडांचा करार केला खरा, पण त्यातला बराचसा हिस्सा दुसऱ्या श्रेणीतले क्लब नेतात. त्याच करारापायी हंगामात हजारांवर सामने दाखवायचे म्हणून कितीतरी सामने तीनच्या वेळेवरून हलले, हा आणखी एक ताप. ऑगस्ट 2019 मध्ये बरीला लीगमधून काढून टाकलं. 1885 चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. त्या दिवसापासून लहान क्लबचा हिशेबनीस रात्री नीट झोपत नसेल. तुमचं कार्यालय निघालं तेही बरीसारख्या प्रकरणांमुळेच.

पण हे तीन पौंड क्लब वाचवतात का? न आलेला माणूस चहा घेत नाही, मीट-पाय घेत नाही, कार्यक्रमपत्रिका घेत नाही आणि पोराला बरोबर आणत नाही. ब्रॅडफर्ड सिटीने उलटं करून पाहिलं. 2015-16 च्या हंगामासाठी सीझन तिकीट 149 पौंडांना ठेवलं, आणि तिसऱ्या श्रेणीत असूनही अठरा हजारांच्या आसपास लोकांनी ते घेतलं. त्यांच्या व्हॅली परेड मैदानावर जास्त माणसं दिसायला लागली. हे प्रत्येक गावात जमेल असं मी म्हणत नाही, ब्रॅडफर्ड मोठं शहर आहे आणि मैदानही मोठं आहे. मला कौतुक त्या हिशेबाचं वाटतं, रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य धरण्याचं. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा तर 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर या मालक मंडळींना वैतागून त्या क्लबच्या समर्थकांनीच काढलेला क्लब. त्यांनी सभासदांच्या मताने ठरवलं, की सीझन तिकिटाला एक किमान रक्कम ठेवायची आणि वर ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं. क्लब बुडाला नाही.

मोठ्यांचं गाऱ्हाणं लवकर ऐकू जातं, हेही एकदा बोलायला हवं. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग जागा 77 पौंडांना करायचं ठरवलं, तर 77 व्या मिनिटाला हजारो लोक ॲनफील्ड सोडून चालते झाले. काही दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या समर्थकांच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा घातली. ‘वीस पुरे’ म्हणत समर्थक संघटनांनी आधी काही वर्षं रान उठवलं होतं, त्याचं ते अर्धंमुर्धं फळ. आमच्या मैदानावर 77 व्या मिनिटाला तीनशे माणसं उठून गेली तर समालोचक म्हणेल, पावसाचा जोर वाढलेला दिसतो.

म्हणून तुमच्याकडे आले. 2025 च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने पहिल्या पाच श्रेण्यांतले 116 क्लब तुमच्या कक्षेत आणले. क्लबने समर्थकांशी सल्लामसलत केली पाहिजे आणि त्यात तिकिटाचे दर आले पाहिजेत, हे आता कायद्यात आहे. दर ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मी तो मागतही नाही. दिल्लीतल्या बाबूने कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा दर ठरवलेला मला आवडला नसता, तसंच हे.

माझी मागणी छोटी आणि किचकट आहे. क्लब समर्थकांना विचारतील तेव्हा ‘तिकिटाचा दर’ म्हणजे काय धरायचं, हे तुमच्या मार्गदर्शिकेत लिहा. सामन्याच्या दिवसाचा जादा आकार दरात धरा. बुकिंग फी दरात धरा. नाहीतर क्लब मूळ दर वाढवणार नाही, समितीकडून पाठ थोपटून घेईल आणि तीनाचे चार पौंड करेल, आणि त्याबद्दल कोणाला विचारायची गरजच पडणार नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. विचारणार कोणाला? समर्थकांच्या समितीवर बहुतेक सीझन तिकीटवाले असतात. भली माणसं आहेत, वर्षानुवर्षं क्लबसाठी राबतात. पण गेटवरचे तीन पौंड त्यांनी कधी भरलेलेच नाहीत. उलट तो आकार वाढला की त्यांचं सीझन तिकीट आणखी फायद्याचं दिसतं. त्यांनी या प्रश्नावर मत दिलं तर ते आमचं मत कसं होईल? जो हंगामात चार-पाचदाच येऊ शकतो त्यालाही त्या खोलीत खुर्ची हवी. त्याला शोधायला सर्वेक्षण कंपनी नेमायची गरज नाही. तो शनिवारी अडीच वाजता तिकीटखिडकीपुढच्या रांगेत उभा असतो, आणि रांग हळू सरकत असल्यामुळे त्याच्याकडे दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळही असतो.

आणि क्लबांना एकदा आकडे मांडायला लावा. गेल्या हंगामात या जादा आकारातून किती पौंड आले, आणि सामन्याच्या दिवशी तिकीट घेणारे किती वाढले वा घटले. पैसे खरोखरच स्टुअर्डांच्या पगाराला पुरत असतील तर मी माझे तीन पौंड भरत राहीन आणि तक्रार बंद करेन. आमच्या क्लबला मी हा आकडा विचारला होता. तसा वेगळा हिशेब ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. जो आकार कशासाठी घेतो आणि किती जमतो हे घेणाऱ्यालाच सांगता येत नाही, त्याचं समर्थन तो कशाच्या आधारे करतो, एवढं तरी त्याला तुमच्या वतीने विचारलं जावं.

कळावे,

आपली,
गेटवर तिकीट घेणारी एक कोल्हापूरकर