गाला डिनरला पैठणी चालते

क्रूझचं बुकिंग होतं, कंपनीच्या ईमेलमध्ये 'फॉर्मल नाइट' हे शब्द दिसतात आणि घरातला पहिला फोन शिंप्याला जातो. काळा सूट शिवायला टाकायचा, बो टाय कुठे मिळतो त्याची चौकशी करायची, आयुष्यात कधी गाऊन न घातलेल्या बाईंसाठी पायघोळ गाऊन शोधायचा. सहलीच्या खर्चात हजारो रुपयांची ही भर पडते ती दोन संध्याकाळींसाठी. नंतर ते कपडे कपाटात लटकत राहतात. हा खर्च बहुतेकांना करायची काहीच गरज नाही, हे पहिल्यांदा क्रूझला निघणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं.

औपचारिक पोशाखाचा आग्रह आजही सर्वांत निष्ठेने धरणाऱ्या कंपन्यांमध्ये क्युनार्डचं नाव आधी येतं. तिचं 'क्वीन मेरी २' हे ३४५ मीटर लांबीचं जहाज २००४ पासून समुद्रात आहे. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्कला अटलांटिक ओलांडून नेमाने जाणारं हे आजच्या काळातलं एकमेव प्रवासी जहाज. हा प्रवास साधारण सात रात्रींचा असतो आणि त्यात बहुधा दोन 'गाला' संध्याकाळी येतात. त्या दिवशी पुरुषांनी टक्सीडो, डिनर जॅकेट किंवा टायसह गडद सूट घालावा, स्त्रियांनी इव्हिनिंग किंवा कॉकटेल ड्रेस, असा दंडक आहे. पण त्याच नियमात पुढे लिहिलेलं असतं की औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालेल. स्कॉटलंडचा माणूस किल्ट घालून जेवायला येतो तो याच आधारावर. गडद बंदगळा, शेरवानी, पैठणी, रेशमी साडी यांनाही तोच आधार आहे. ही सवलत नव्हे, नियमाचाच भाग आहे.

आणि आपल्याकडे याला परंपराही आहे. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि आपला आहार-पोशाख सोडणार नाही, असं जाहीर केलं होतं. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या साडीत बसलेल्या दिसतात, शेजारी जपानी आणि सीरियन सहाध्यायिनी आपापल्या देशी वेशात. थंडीपायी साडी नेसण्याची पद्धत त्यांना बदलावी लागली, साडी सोडावी लागली नाही. पुढे १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून दोन आठवड्यांच्या अंतराने दोन बोटी सुटल्या. 'मुलतान'वर डॉ. आंबेडकर होते, 'राजपुताना'वर गांधीजी. एकाचा सूट आणि दुसऱ्याचा पंचा, दोन्ही विचारपूर्वक स्वीकारलेले वेश होते. त्यामुळे ज्याच्याकडे चांगला गडद सूट आहे, त्यात ज्याला मोकळं वाटतं, त्याने तो जरूर न्यावा. मुद्दा एवढाच की नसलेला पोशाख भीतीपोटी विकत घेऊ नये.

मात्र आपला पोशाख चालतो म्हणजे काहीही चालतं, असं नाही. चुरगळलेला खादीचा कुर्ता आणि सँडल घालून गाला डिनरला जाणं हा यजमानांचा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसांचा अनादर आहे. ती माणसं त्या संध्याकाळसाठी मनापासून सजून आलेली असतात, कुणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असतो, कुणी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. आपण लग्नाच्या स्वागत समारंभाला जसं नीटनेटकं जातो तसंच इथे जावं. बंदगळा गडद रंगाचा, अंगाला नीट बसणारा, खाली पॉलिश केलेले काळे बूट. भरजरी नवरदेवी शेरवानीची आवश्यकता नाही. ज्यांना नटूनथटून जेवण नकोच वाटतं, त्यांची सोयही असते. अशा संध्याकाळी बुफे आणि काही ठरावीक जागा साध्या कपड्यांतल्या प्रवाशांसाठी खुल्या राहतात. त्यांनी तिथे जावं, मुख्य भोजनगृहात वाद घालू नये.

पैठणी नेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खाऱ्या, दमट हवेचं आणि जरीचं जमत नाही. साडी मऊ सुती कापडात किंवा मलमलमध्ये गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. घडी नेहमीच्या रेषेवर न घालता थोडी सरकवून घालावी, म्हणजे जर एकाच जागी मोडत नाही. अत्तर किंवा परफ्यूम साडी नेसण्याआधी अंगाला लावावं, पदरावर फवारू नये. ब्लाउज, परकर, पिना आणि फॉलशी जुळणारा दोरा यांची वेगळी पिशवी करावी, कारण समुद्राच्या मध्यावर मॅचिंग सेंटर नसतं. दोन गाला संध्याकाळींसाठी दोन पैठण्या न्यायचीही गरज नाही. एक पैठणी आणि एक हलकी रेशमी साडी पुरते, विदर्भातली टसरची करवतकाठी असेल तर अधिकच छान. भोजनगृहात एसीचा गारवा असतो, म्हणून एखादी हिमरू शाल सोबत असावी. आणि उंच टाचांचे बूट टाळावेत. जहाज स्थिर वाटलं तरी ते हलतं, आणि जिन्यावर साडीचा काठ व टाच यांची गाठ पडली तर सहलीचा उरलेला भाग केबिनमध्ये झोपून काढावा लागेल.

केबिनमध्ये इस्त्री वापरायला मनाई असते. आगीचा धोका हे त्याचं सरळ कारण आहे. 'क्वीन मेरी २'सारख्या जहाजावर प्रवाशांनी स्वतः कपडे धुण्या-इस्त्रीसाठी वेगळी खोली असते, ती वापरावी. मेणबत्त्या, उदबत्त्या, पाण्याची छोटी किटली, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड हेही बहुतेक जहाजांवर तपासणीत काढून ठेवतात. रोजच्या पूजेची सवय असलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

कपड्यांवर इतकी चर्चा करणाऱ्या घरांत कागदपत्रांवर त्याच्या निम्मीही होत नाही, ही खरी चिंतेची बाब आहे. साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क या एका प्रवासाला भारतीय पारपत्रावर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा असे दोन वेगळे व्हिसा लागतात, आणि अमेरिकेच्या पर्यटन व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ जाऊ शकतो. भूमध्य समुद्रातली क्रूझ शेंगेन देशांतून निघून बाहेरच्या बंदराला जाऊन परत येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, अनेक प्रवेशांचा लागतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझचंही असंच. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. चेक-इनच्या काउंटरवर व्हिसा कमी निघाला तर जहाज त्या प्रवाशाला घेत नाही, आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून तयारीचा क्रम उलटा करायला हवा. आधी व्हिसा, मग विमा, मग औषधं, आणि सगळ्यांत शेवटी कपडे.

विम्यात जहाजावरच्या उपचारांचा खर्च आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे शब्दन्‌शब्द वाचून घ्यावं. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी भाड्यात धरलेली नसते.

औषधांचा विषय आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे, कारण अशा सहलीला निघणारे पुष्कळ मराठी प्रवासी निवृत्तीनंतरचे असतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्याव्यात, डब्यात सुट्या करून नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, तीत औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध परदेशी बंदरात अडचणीचं ठरू शकतं. इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या वेळेत पाच तासांचं अंतर आहे. विमानात ते एका झटक्यात पार होतं, जहाजावर मात्र पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात. शरीराला हे सोयीचं आहे, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोसच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी बुकिंग करतानाच जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. वरची, टोकाची केबिन महाग असली तरी अशा माणसासाठी ती चांगली नव्हे.

बंदरावर पोचलं की मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या केबिनच्या दाराशी कधीकधी संध्याकाळी येतात. म्हणजे पहिले काही तास हातातल्या पिशवीवर काढायचे असतात. पारपत्र, औषधं, चष्मा, चार्जर, दागिने आणि कपड्यांचा एक जोड एवढं तीत असलंच पाहिजे. शेवटच्या रात्री याच्या उलट होतं. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढल्याशिवाय बॅग बंद करू नये. वजनाचं म्हणाल तर जहाजाला फारशी अडचण नसते, अडचण मुंबईहून लंडनला नेणाऱ्या विमानाची असते. ते विमान जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी तरी पोचावं, कारण उशीर झालेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

बाकीचे कपडे कमीच असावेत. उत्तर अटलांटिकवर उन्हाळ्यातही बोचरं वारं असतं, न्यूफाउंडलंडच्या बाजूला धुकं दाटतं, त्यामुळे वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी हवीच. 'क्वीन मेरी २'च्या डेकवर तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त चालणं होतं, त्यासाठी रबरी तळव्याचे बूट हवेत. सकाळच्या फेरीची सवय असलेल्यांना हा डेक फार आवडेल. फराळाचं मात्र सांभाळून. बहुतेक जहाजांवर घरी केलेला खाऊ नेऊ देत नाहीत, आणि अमेरिकेत उतरताना फळं आणि मांसाहारी पदार्थ यांवर कडक निर्बंध आहेत. कारखान्यातून बंद पाकिटात आलेला चिवडा सहसा चालतो, तरी उतरताना तो जाहीर करावा. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. जहाजावर चढल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराकडे तयारीला वेळ उरत नाही.

जहाज सुटण्यापूर्वी होणारी सुरक्षा कवायत अनेकांना कंटाळवाणी वाटते. पण १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर आला. आपल्या किनाऱ्यानेही हे दुःख पाहिलं आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि आपली जमण्याची जागा कोणती, एवढं पहिल्याच तासात स्वतः जाऊन बघून यावं. मुलांनाही दाखवावं.

पहिल्यांदाच इतका मोठा खर्च करण्याआधी सराव हवा असेल तर तो घराजवळ होतो. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझ सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. तिथे अटलांटिकवरची औपचारिकता नाही, पण आपल्याला बोट लागते का, लहान केबिनमध्ये कसं वाटतं, किती कपडे न वापरताच परत आले, हे दोन रात्रींत कळतं. ज्येष्ठांनी तर आधी हाच प्रवास करावा.

पैशांचं एक शेवटचं. जहाजावरच्या खात्यात दर माणशी दर दिवसाचं सेवाशुल्क धरलं जातं, आणि रिसेप्शनवर सांगून ते काढून टाकण्याचा सल्ला काटकसरीच्या नावाखाली दिला जातो. तो ऐकू नये. जगभरच्या क्रूझ जहाजांवर केबिन झाडणारे, ताटं उचलणारे, स्वयंपाकघरात राबणारे हजारो हात भारतीय आहेत. त्यांत गोव्याचे तारवटी, म्हणजे खलाशी, आणि मुंबई-कोकणातली तरुण मुलं पुष्कळ आहेत. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातल्या गोवेकरांच्या 'कूड' याच दर्यावर्दींच्या आसऱ्यासाठी उभ्या राहिल्या. ही माणसं सहा ते नऊ महिने घरापासून दूर, सुट्टीच्या दिवसाशिवाय काम करतात, आणि सेवाशुल्कातला वाटा त्यांच्या कमाईचा भाग असतो. २०२० च्या टाळेबंदीत यांतले किती तरी जण महिनोन्‌महिने समुद्रातच अडकून पडले होते. तेव्हा सहलीचा हिशेब मांडताना ही रक्कम तिकिटाइतकीच पक्की धरा, आणि निघण्याच्या दिवशी आपल्या केबिनवाल्याला त्याच्या गावाचं नाव विचारून, आभार मानून मगच उतरा.