ही टरफले आपणच उचलली पाहिजेत

लोकमान्य टिळकांच्या शाळकरी वयातील शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जी टरफले आपण टाकली नाहीत ती आपण उचलणार नाही, हा त्या गोष्टीतला बाणेदारपणा. १८५६ साली ज्या रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला, त्याच रत्नागिरीत आज आम्हांला टरफलांचीच गोष्ट सांगावयाची आहे. मात्र तिचे तात्पर्य नेमके उलट आहे. ही टरफले काजूची आहेत. ती आपल्याच जिल्ह्यातील कारखान्यांच्या मागल्या अंगणात पडलेली आहेत, आणि ती आपणच उचलली पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

कोकणाच्या वाट्याला संशोधन आले नाही, अशी तक्रार कोणास करता येणार नाही. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ सालचे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी काजू हे झाड म्हणजे पोर्तुगीजांनी आणून टाकलेले आणि आपल्या बळावर वाढलेले रान. बी रुजवावी, आणि झाड कसे निघेल ते दैवावर सोडावे, अशी रीत होती. वेंगुर्ल्याच्या संशोधकांनी हा दैवाचा भाग काढून टाकला. १९७४ साली ‘वेंगुर्ला-१’, १९८१ साली ‘वेंगुर्ला-४’, १९९७ साली ‘वेंगुर्ला-७’ अशी एकाहून एक सरस जात बागायतदाराच्या हाती आली, आणि मृदुकाष्ठ कलमांच्या पद्धतीमुळे ती हवी तितकी वाढविता आली. ‘वेंगुर्ला-७’ ची एक बी सुमारे दहा ग्रॅम भरते; गावठी झाडाची बी बहुधा याच्या निम्म्यानेच. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली आणि या कलमांनी वरकस जमिनी व उघडे डोंगर हिरवे केले. प्रयोगशाळेतील शोध डोंगरउतारावर पोचला, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको.

परंतु येथपर्यंत आलेला हा शोधांचा प्रवाह कारखान्याच्या दाराशी येऊन अडतो. बी वाफवावयाची, हातापायांनी चालणाऱ्या यंत्रावर फोडावयाची, गर वाळवून, सोलून, प्रतवारी लावून डब्यात भरावयाचा, हा आपल्या लहान काजू कारखान्याचा क्रम. शंभर किलो बियांतून गर निघतो तो पंचवीस किलोंच्या आसपास. उरलेल्या वजनाचा फार मोठा भाग, सुमारे सत्तर किलो, टरफलाच्या रूपाने मागे राहतो. या टरफलाच्या दोन थरांमध्ये पोळ्यासारखी जाळी असते आणि त्या जाळीत एक काळपट, दाट, कातडी भाजून काढणारे तेल असते. बिया फोडणाऱ्या स्त्रिया हातांना राख किंवा तेल लावून बसतात ते याच चिकाच्या भयाने. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. चीक हा त्यांचा कुळधर्मच म्हणावयाचा. काजूच्या टरफलाच्या वजनात या तेलाचा वाटा जवळजवळ एक चतुर्थांश असतो.

हे तेल म्हणजे काय, हे जगाला शंभर वर्षांपूर्वी कळले. १९२० च्या दशकात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे या रसायनज्ञाने त्यावर काम केले आणि त्यातून एक नवा पदार्थवर्ग उद्योगांच्या हाती आला. हे तेल तापविले की त्यातील मुख्य आम्लाचे ‘कार्डानॉल’ या द्रव्यात रूपांतर होते. खनिज तेलापासून मिळणाऱ्या फिनॉलचा हा वनस्पतिजन्य भाऊ. भेद इतकाच की, याला पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी असते. त्या शेपटीमुळे यापासून केलेली कृत्रिम राळ ठिसूळ न होता लवचीक राहते, आणि पाण्यास दाद देत नाही. ही राळ घट्ट करून तिची भुकटी केली की ती मोटारींच्या ब्रेकच्या लायनरमध्ये घालतात. ब्रेक दाबल्यावर उत्पन्न होणारी उष्णता ती सोसते, पकड एकसारखी ठेवते आणि कर्कश आवाज कमी करते. परशुराम घाट उतरणाऱ्या मालमोटारीचा चालक ज्या लायनरवर जीव सोपवितो, त्यात कदाचित कोकणच्याच टरफलाचा अंश असेल. त्याला ते ठाऊक नसते, आणि आपल्यालाही नसते.

दुसरे उदाहरण तर आपल्या बंदरातलेच आहे. कोकणचा मच्छीमार आपल्या होडीच्या लाकडाला किडीपासून जपण्यासाठी काजूचे तेल पिढ्यान्‌पिढ्या लावीत आला. आज याच तेलापासून जहाजांच्या लोखंडी पत्र्यांवर लावावयाच्या रंगांना घट्ट करणारी द्रव्ये बनतात. ओलसर हवेत आणि थंडीतही ती सुकतात, हा त्यांचा गुण. म्हणजे मच्छीमाराने अनुभवाने जे ओळखले होते, ते रसायनशास्त्राने सिद्ध केले, कारखानदारीने त्याला डबा आणि नाव दिले. टरफल येथून स्वस्तात जाते आणि डबा महाग होऊन परत येतो. कापूस देऊन कापड विकत घेण्याचा व्यवहार परक्या राजवटीत आपण निंदिला. स्वतःच्या राज्यात तोच व्यवहार आपण खुशीने करावा काय?

आपल्या विद्यापीठाने या प्रश्नाकडे पाठ फिरविली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दापोली येथील कृषी अभियांत्रिकीच्या संशोधकांनी गेल्या दोन दशकांत लहान काजू कारखान्यांतील इंधनाचा, टरफलाच्या उपलब्धतेचा आणि धुराचा हिशेब मांडला. टरफलापासून ज्वलनवायू कसा करावा याचा अभ्यास केला. यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या रीतीने बिया पिंपात भाजल्या की तेलाचा बराच भाग जळून धुरात जातो, आणि तो धूर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. बिया वाफवल्या तर तेल टरफलातच राहते. प्रथम ते घाण्यातून काढावे, मग उरलेली पेंड भट्टीत घालावी, अशी एकाच वस्तूची दोन मोले मिळू शकतात. तेलासकट टरफल चुलीत घालणे म्हणजे सागवानाच्या फळ्या सरपणाला वापरणे होय.

मग अडते कोठे? आमच्या मते, ज्ञान तीन छपरांखाली वाटले गेले आहे आणि त्या तीन घरांचे येणेजाणे नाही. झाडाचे शास्त्र दापोलीत आणि वेंगुर्ल्यात. रसायन आणि यंत्र यांचे शास्त्र अभियांत्रिकीच्या संस्थांत. लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठात तर पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकवितात. व्यवहाराचे शास्त्र लहान कारखानदाराच्या वहीत आणि बँकेच्या खात्यात. कारखानदाराला विद्यापीठाचा प्रबंध वाचता येत नाही. विद्यार्थ्याला कारखान्यातील अडचण कोणी सांगत नाही. आमच्या शिक्षकी पेशाच्या काळात एक गोष्ट आम्ही पुष्कळ वेळा पाहिली: पुस्तकातले उदाहरण झटकन सोडविणारा मुलगा दारच्या विहिरीचे पाणी मोजावयास सांगितले की गोंधळतो. दोष मुलाचा नसतो. त्याला विहिरीपर्यंत कोणी नेलेले नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, आपला माल थोडा आणि हंगाम दोन-तीन महिन्यांचा. त्यावर तेलाचा उद्योग कसा उभा राहणार? पण बी साठविता येते, आणि आपल्या देशातील कारखाने आफ्रिकेतील बीही मोठ्या प्रमाणावर फोडतात. ती बी येथे फोडली की गर बाजारात जातो, टरफल मात्र येथेच राहते. दुसरा आक्षेप भांडवलाचा. तो खरा आहे. एकेकट्या लहान कारखानदाराने शुद्धीकरणाचे यंत्र बसवावे, असे सांगणे हा त्याच्याशी क्रूर विनोद होईल. म्हणूनच तालुक्याच्या पातळीवर, सहकाराने, एक सामाईक केंद्र असावे: टरफले वजनावर घ्यावीत, तेल काढावे, आणि ते भारतीय मानक ८४० च्या कसोटीस उतरते की नाही हे जिल्ह्यातच तपासले जावे. प्रतीचा दाखला नसलेला माल पडेल भावाने विकावा लागतो, हा बाजाराचा नियम आहे. पैसापैसा गोळा करून उद्योगांना हात देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही; पैसा फंडाने १९०८ साली तळेगावास काच कारखाना उभा केला तो त्याच बळावर.

शासनाने काही केले नाही, असेही नव्हे. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याच्या काजू मंडळाची घोषणा झाली. २०२४ च्या हंगामासाठी काजू बीला किलोमागे १० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. परदेशी बीमुळे भाव पडलेल्या बागायतदाराला असा आधार देणे योग्यच होते. परंतु अनुदान हे हंगामापुरते औषध. वस्तूचे मोल वाढविणे हा कायमचा आहार. केंद्र सरकारची २०२० पासूनची सूक्ष्म उद्योगांची योजनाही उपयोगी आहे. मात्र तिच्या नावातच ‘अन्न’ हा शब्द आहे, आणि टरफल हे अन्न नव्हे. खात्यांच्या चौकटी वस्तूला पाहून आखाव्या लागतात. वस्तू चौकटीसाठी आपला आकार बदलत नाही.

म्हणून काजू मंडळाने कृषी विद्यापीठ, अभियांत्रिकीच्या संस्था आणि कारखानदार यांना एका मेजाभोवती बसवावे, एवढीच आमची पहिली मागणी आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे विषय कारखान्याच्या फाटकातून यावेत. आणि जो नफा होईल, त्यातला वाटा बी पिकविणाऱ्याच्या भावात आणि चिकाने बोटे भाजून घेणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीत उमटला पाहिजे. हातमोजे आणि धुराडे यांचा खर्च त्यातूनच निघावा. असे न झाल्यास तेलाचा धंदा होईल, जिल्ह्याचे भले होणार नाही.

रत्नागिरी हा मनिऑर्डरीवर जगणारा जिल्हा, असे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले. आता मनिऑर्डरी गेल्या, पण शिकलेला मुलगा मुंबईची गाडी धरतो ते काही थांबलेले नाही. त्याला येथे ठेवावयाचे तर त्याच्या विद्येला येथे काम हवे. ते काम मागल्या अंगणात ढीग होऊन पडले आहे. दुसऱ्याची टरफले न उचलण्यात स्वाभिमान होता, हे खरे. स्वतःची टरफले दुसऱ्याने उचलून नेऊ देण्यात तो नाही.