बारा लाखांचे चौऱ्याहत्तर हजार

आमच्या लहानपणी आकुर्डीत सात तारखेला कारखान्याच्या गेटबाहेर भेळवाले, चादरीवाले आणि वसुलीची माणसं एकाच रांगेत उभी असत. पगाराविषयी तेव्हा एकच प्रश्न विचारला जाई: "हातात किती पडतात?" बेसिक, डीए, ओव्हरटाइम असं सगळं पाकिटावर लिहिलेलं असे, पण घरी मोजलं जाई ते पाकिटाच्या आतलं. आता "पॅकेज किती?" असं विचारतात. पॅकेज म्हणजे सीटीसी, कॉस्ट टू कंपनी: कंपनीच्या खर्चाच्या वहीतला आकडा. तुम्ही तिला वर्षाला केवढ्याला पडता, ते त्यात लिहिलेलं असतं. आपण मात्र तो बारशापासून बायोडेटापर्यंत सगळीकडे आपली मिळकत म्हणून सांगत सुटतो.

गेल्या महिन्यात भाचा दोन ऑफर लेटर घेऊन आला. एक हिंजवडीतल्या बड्या कंपनीचं, 12 लाखांचं. दुसरं खराडीतल्या लहानशा कंपनीचं, 10 लाख 80 हजारांचं. "मामा, खरं तर यात विचारण्यासारखं काही नाही. आई म्हणाली, एकदा दाखवून ये." मी वीस वर्षं पगारपत्रकं केली आहेत. असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो.

आधी बारा लाख. बेसिक निम्मी, म्हणजे महिना 50,000. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, वर्षाचे 72,000, पॅकेजमध्येच धरलेले. ग्रॅच्युइटी 28,860, तीही आतच. आरोग्य विम्याचा हप्ता 12,000. आणि व्हेरिएबल 1,20,000, जे वर्षअखेरीस कंपनीचा आणि साहेबाचा मूड जुळला तर मिळणार. एवढं वजा केल्यावर महिन्याला उरतात 80,595. त्यातून भाच्याच्या वाट्याचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की बँकेत जमा होणार 74,395. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण आपल्या महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाचे 2,500 जुळवायला त्या महिन्यात 300 कापतात. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. तेवढी एक कात्री वाचली.

आता खराडी. व्हेरिएबल नाही, विमा पॅकेजबाहेर. पीएफ 15,000च्या कायदेशीर मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी 1,800. ग्रॅच्युइटी इथेही आत धरलेली. बँकेत येणार 84,035.

भाचा कागदाकडे बघतच राहिला. एक लाख वीस हजारांनी कमी असलेलं पॅकेज महिन्याला साडेनऊ हजार जास्त देत होतं.

त्याला तिथेच थांबवलं, कारण "हातात किती" हा आमच्या आकुर्डीचा प्रश्नही अर्धाच आहे. हिंजवडीत दोन्ही बाजूंचा मिळून महिन्याला 12,000 पीएफ जमा होणार, खराडीत 3,600. (कंपनीच्या वाट्यातले 1,250 दोन्हीकडे पेन्शन योजनेत जातात, ते सोडून देऊ.) पीएफ त्याचाच पैसा आहे, नोकरी बदलली तरी यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकाबरोबर मागे येतो, आणि 2024-25चं व्याज सव्वाआठ टक्के होतं. पंचविशीतल्या पोराच्या हातात पडलेले आठ हजार चार वर्षांनी कुठे असतात, हे मला चांगलं माहीत आहे. पीएफ धरून मोजलं तर खराडी महिन्याला फक्त 1,240 रुपयांनी पुढे. म्हणजे दोन ऑफर जवळजवळ सारख्या, आणि मधला सगळा फरक त्या व्हेरिएबलमध्ये. "एचआरला विचार, गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के वाटलं?" त्याने विचारलं. उत्तर आलं, "ते परफॉर्मन्सवर अवलंबून असतं." कोणाच्या परफॉर्मन्सवर, ते कळलं नाही.

माझा खरा राग आहे तो ग्रॅच्युइटीच्या ओळीवर. 1972च्या कायद्याने आलेली ही रक्कम म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचं वेतन, तेही महिना 26 दिवसांचा धरून. ऑफर लेटरमधला 4.81 टक्के हा चमत्कारिक आकडा त्या 15 भागिले 26मधूनच निघतो. पण कायम नोकरीत ती मिळायला पाच वर्षं काढावी लागतात. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच ही अट सुटते. आणि आयटीत पाच वर्षं एका जागी बसणाऱ्याला काय मिळतं? सात-आठ टक्क्यांची इन्क्रिमेंट आणि नव्याने आलेल्या ज्युनिअरचा जास्त पगार ऐकण्याचं भाग्य. खरी हाईक कंपनी बदलणाऱ्यालाच. म्हणजे जो तीन वर्षांत उडी मारतो, त्याच्या पॅकेजमध्ये दर वर्षी ग्रॅच्युइटी मोजलेली असते आणि नोकरी सोडतानाच्या फुल अँड फायनल हिशेबात ती नसते. भाच्याच्या बेसिकवर तीन वर्षांचे हे साडेशहाऐंशी हजार होतात. राहिला असता तर देणार होतो, असं कंपनी म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण मग न राहणाऱ्याच्या बारा लाखांत ते धरू नका ना!

21 नोव्हेंबर 2025पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्यामुळे बेसिक तीस टक्क्यांवर ठेवून ग्रॅच्युइटी आखूड करण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. चांगलंच झालं. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर मिळणार, हेही चांगलं. मात्र कायम म्हणवणाऱ्याची पाच वर्षं तशीच राहिली. तेव्हा पॅकेजमधला तो आकडा आता आणखी फुगेल आणि उडी मारणाऱ्याच्या हाती पूर्वीइतकंच शून्य पडेल.

भाच्याने शेवटी हिंजवडीच घेतली. त्याचं कारण मला खोडता आलं नाही: पुढची कंपनी "करंट सीटीसी किती?" असंच विचारणार, आणि हाईक त्यावर लावणार. दहा-ऐंशीवर तीस टक्के आणि बारावर तीस टक्के यांतला फरक त्याने माझ्याच कॅल्क्युलेटरवर काढून दाखवला. दीड लाखाच्या वर गेला.

रात्री बहिणीचा फोन आला. "काय रे, मग बाराच सांगू ना मंडळात?"

"बाराच सांग," म्हटलं.