तळघराचा कोबा आणि भाड्याचे गणित

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांच्या तळघरांत एके काळी धान्य, सरपण आणि अडगळ ठेवली जाई. पुढे त्यांपैकी काहींत बाइंडिंगचे कारखाने आणि कागदा-कापडाची गोदामे आली आणि मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा झाला. आज तो कोठे खचला आहे, कोठे पोकळ वाजतो, तर कोठे भेगांतून ओल येऊन कडेला पांढरा लोणा फुटतो. यावर बहुधा एकच उपाय योजला जातो. गवंडी बोलावून वरून इंचभर सिमेंटचा थर दिला जातो. दोन पावसाळ्यांत तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पुन्हा गवंडी बोलावला जातो.

या उपायात दोष असा की, तो व्रण झाकतो आणि विकार तसाच ठेवतो. कोबा स्वतःच्या दोषाने क्वचितच फुटतो. बहुधा त्याच्याखालची जमीन त्याला दगा देते. फुटलेला नळ, जीर्ण गटारवाहिनी किंवा पन्हळीतून थेट भिंतीच्या पायाशी पडणारे पाणी कोब्याखालची भर हळूहळू वाहून नेते. मग कोबा पोकळीवर अधांतरी राहतो आणि वजन पडताच तडकतो. खाली काळी माती असल्यास ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा रुंदावत जातात. अशा वेळी ओलीला वरून कोंडले म्हणजे ती नाहीशी होत नाही. ती कडेच्या भिंतीत चढते. दगड-मातीची किंवा चुन्यातली जुनी भिंत ही ओल शोषून घेते आणि आतून भुसभुशीत होत जाते. कोब्याचे दुखणे अशा रीतीने साऱ्या घराचे दुखणे होते.

खरी दुरुस्ती गूढ नाही, पण तिला क्रम आहे. प्लास्टिकचा चौकोनी कागद जमिनीवर चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. कागदाच्या खाली पाणी साचले तर ओल जमिनीतून येते. वर साचले तर ती कोंदट हवेची आहे. ओल जमिनीतून येत असेल तर प्रथम पाण्याचा उगम बंद करावा लागतो. मग हातोडीने ठोकून पोकळ भाग हुडकायचे, ते काढून टाकायचे, मुरूम थराथराने टाकून धुम्मसाने ठोकायचा, दगडी सोलिंग करून वर जाड प्लास्टिक अंथरायचे आणि त्यावर चार इंच काँक्रीट घालून निदान आठवडाभर त्यावर पाणी मारायचे. भिंतीलगत पायाच्या तळाखाली खोदणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे. त्याने भिंतच खचण्याचा धोका असतो. म्हणून अभियंत्याचा सल्ला ही येथे चैन नव्हे.

हे ठाऊक असूनही इंचभर थरावरच का भागवले जाते? याचे उत्तर भाड्याच्या हिशेबात आहे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले आणि ते दीर्घकाळ तेथेच गोठले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली. मालकाने दुरुस्ती टाळल्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद त्यात आहे. पण एका वर्षात भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक रक्कम वळती करता येत नाही. समजा, २००० साली भाडे दरमहा ४० रुपये होते. दरसाल ४ टक्क्यांनी वाढून पंचवीस वर्षांनी ते सुमारे १०७ रुपये होईल. त्याचा वार्षिक चतुर्थांश होतो सुमारे ३२० रुपये. एवढ्यात फार तर सिमेंटचे एक पोते येईल.

मालकाचा हिशेबही याच दिशेने जातो. एवढ्या भाड्यात त्याने पाया का तपासावा? उलट वाडा मोडकळीस आला तर मोकळ्या होणाऱ्या जागेचे मोल भाड्याच्या कितीतरी पट असते. भाडेकरूने पदरचे पैसे घालावेत, तर उद्या पाडण्याची नोटीस आल्यास ते मातीत जातील. दोघेही आपापल्या परीने शहाणपणाने वागतात आणि त्या दोन शहाणपणांच्या मध्ये घर खचत जाते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, त्यांमागे हीच कहाणी असते.

मुंबई शहर बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती उपकर आणि स्वतंत्र मंडळ आले. त्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. तरी दुरुस्ती हा केवळ दोन पक्षांचा खासगी तंटा नव्हे, हे तत्त्व तिने मान्य केले. पुण्याच्या वाड्यांना ती व्यवस्था लागू नाही. तेव्हा निदान पाया, जमीन आणि सांडपाणी यांच्या दुरुस्तीपुरती एक-चतुर्थांशाची मर्यादा अभियंत्याच्या दाखल्यावर शिथिल करावी, खर्च काही वर्षांत विभागावा, त्यासाठी सहकारी बँकांनी माफक व्याजाने कर्ज द्यावे आणि घर पाडले गेल्यास भाडेकरूच्या न फिटलेल्या खर्चाची भरपाई मालकावर बंधनकारक करावी. सार्वजनिक नळ वा गटार हेच ओलीचे मूळ ठरल्यास तो भार पालिकेने उचलणे न्याय्य होईल. असे झाल्याशिवाय इंचभर थर देण्याची रीत थांबणार नाही. कारण आजच्या हिशेबात तीच सर्वांत स्वस्त आहे. तिची खरी किंमत मात्र वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांना मोजावी लागते.