नाली कुठं संपते?

मारेगाव तालुक्यातल्या भावांनो, बहिणींनो,

यंदाच्या पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या गल्लीतली नवीकोरी सिमेंटची नाली तुंबली आणि तिचं काळं पाणी हापशीच्या ओट्यावर चढलं. ओट्याला आधीच भेग होती. चार दिवसांत अर्ध्या गल्लीतली पोरं हगवणीनं आडवी झाली. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. तुमच्या गावाचं टाकून वाचा, पत्रक चुकणार नाही.

नाली साफ होत नाही, हे रडगाणं इथं गात नाही. मला साफ नाली नको, नालीच नको.

सांडपाणी म्हटलं की आपल्याकडं एकच औषध. नारळ फोडा, नाली बांधा, बिल काढा. त्या नालीच्या कडेनं एकदा शेवटपर्यंत चालून पाहा. कुठं ती शाळेच्या कुंपणामागच्या डबक्यात संपते, कुठं नाल्यात, कुठं कुणाच्या पऱ्हाटीत. वाटेत दोन-चार संडासांच्या टाक्यांचे पाइपही तिच्यात गुपचूप सोडलेले दिसतील. वरच्या गल्लीची घाण खालच्या वस्तीत पोचवायची, याचं कागदावरचं नाव सांडपाणी व्यवस्थापन! मग शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटणाऱ्यालाही स्वच्छतेचा पुरस्कार द्या. आणि उताराला कुणाची घरं असतात, हे मी सांगायला हवं का?

हिशोब करू. जलजीवन मिशननं माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर. त्यातलं सत्तर टक्के जरी न्हाणीतून बाहेर पडलं तरी 190 लिटर. शंभर घरांचे 19,000 लिटर, म्हणजे पाच हजारी टँकर जवळजवळ चार. रोज! मे महिन्यात टँकरसाठी अर्ज करणारं गाव वर्षभर रोज चार टँकर डासांना पाजतं. हत्तीपाय पसरवणारा क्यूलेक्स डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो.

न्हाणीचं पाणी घरापाशीच शोषखड्ड्यात मुरवा म्हटलं, की "काळ्या मातीत पाणी मुरत नाही हो," असं सांगणारे भेटतात. अर्धं खरं आहे. काळी माती ओली झाली की फुगते, तिची तोंडं मिटतात. उथळ खणलेला शोषखड्डा म्हणूनच तुंबतो. खड्डा मुरमापर्यंत न्यायचा, हापशी-विहिरीपासून लांब घ्यायचा. मुरूम किती हातांवर आहे, ते गावातला विहीर खणणारा उभ्या उभ्या सांगेल. मुरूम लागतच नसेल तिथं पाणी खडीच्या वाफ्यातून, कर्दळीच्या मुळांतून फिरवायचं. ही पद्धत फायटोरिड नावानं नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवून दिली आहे. नागपूर काही विलायतेत नाही.

"निधी कुठाय?" हे दुसरं तुणतुणं. मारेगावात नगरपंचायत आहे, तिचं खातं वेगळं. पण 5,000 पर्यंत वस्तीच्या खेड्याला स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये धरलेत. हजार वस्तीला 2,80,000. एवढ्यात गावभर नाल्या होत नाहीत, कबूल. म्हणूनच ते पैसे कुणाला दिसत नाहीत! नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेतले, तेही रोजगार हमीतून. खाली दगड, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती गोटे. डास हटले, म्हणून त्या गावाचं नाव झालं. त्यात मोठा ठेका नव्हता, हीच काय ती अडचण.

"लोकच अडाणी, नालीत कचरा टाकतात," असंही खुर्चीत बसून म्हटलं जातं. उघडी नाली दारापुढं आणून ठेवली कुणी, लोकांनी?

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला बायाबापड्यांसह या. नालीचा ठराव निघाला की उभं राहून एवढंच विचारा: ही नाली कुठं संपते? उत्तरात शोषखड्डा किंवा कर्दळीचा वाफा नसेल, तर हात वर करू नका.